आप्त आणि आप्तवाक्य : 'खुकरी' नौकेच्या स्मृतिसाधनांचें परीक्षण

(१)

ता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं भारतीय आरमाराची 'खुकरी' ही फ्रिगेट जातीची युद्धनौका दीवच्या किनाऱ्यापासून सुमारें ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीनें सोडलेल्या पाणतीरानें बुडाली. पाणबुडीच्या शोधार्थ 'खुकरी' व तिची जोडीदार 'कृपाण' या दोन नौका आदल्या दिवशीं मुंबईहून निघाल्या होत्या. 'खुकरी'बरोबर १८ अधिकारी व १७६ खलाशी, मिळून १९४ जण गेले. ६ अधिकारी व ६१ खलाशी वांचले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून न जातां तिच्यासह बुडाले व त्यांस मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनें युद्धनौका बुडविल्याचा हा पहिलाच प्रसंग. येथवर दोन्ही पक्षांत मतभेद नाहीं.

या घटनेविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत चार ग्रंथ मुख्य मानावे लागतात. त्या वेळीं पश्चिम विभागाच्या आरमाराचे प्रमुख असलेले अॅडमिरल एस. एन. कोहली यांचा 'वी डेअर्ड' (१९८९). पाकिस्तानी आरमारानें प्रसिद्ध केलेला स्वतःचा १९४७ ते १९७२ पर्यंतचा इतिहास (१९९१). व्हाइस अॅडमिरल गुलाब मोहनलाल हिरानंदानी यांचा १९६५ ते १९७५ या काळाचा भारतीय आरमाराचा इतिहास 'ट्रान्झिशन टु ट्रायम्फ' (२०००). आणि मेजर जनरल इयान कार्डोझो यांचा 'द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी' (२००६). पहिल्या तीन ग्रंथांचा विषय आरमार हा आहे. चौथ्याचा विषय वांचलेलीं माणसें हा आहे, आणि त्याच्या उपशीर्षकांतच तसें सांगितलें आहे.

मोडी कागद, ताम्रपट व पोथ्या यांच्या संग्राहकांस अर्धशतकापूर्वींच्या नौकेचें काय प्रयोजन, अशी शंका कोणास येईल. आमचें उत्तर असें कीं, बखरींच्या बाबतींत जे प्रश्न आपण दीडशें वर्षें उशीरां विचारले, तेच प्रश्न येथें विचारण्यास अद्यापि थोडा अवकाश आहे. साक्षीदारांपैकीं कांहीं हयात आहेत; कागद घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. म्हणून या साधनांची प्रतवारी कशी लावावी, हाच या परीक्षणाचा विषय आम्ही धरिला आहे.

(२)

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. त्यांपैकीं शब्द म्हणजे आप्ताचें सांगणें. आप्त कोण? तर ज्यानें ती गोष्ट स्वतः जाणिली आहे, आणि जशी जाणिली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो. वात्स्यायनानें आपल्या भाष्यांत हेंहि स्पष्ट केलें आहे कीं, हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ यांस सारखेंच लागू आहे. मराठींत या शब्दाचा अर्थ सरकला. आपण आप्त म्हणतों तो नातेवाइकास.

'खुकरी'च्या साधनांचें मोल व त्यांतील अडचण हीं दोन्ही या दोन अर्थांच्या मधल्या जागेंत आहेत. वांचलेला खलाशी हा पहिल्या अर्थानें आप्त. त्यानें पाहिलें आहे. बुडालेल्याची आई, पत्नी, मुलें हीं दुसऱ्या अर्थानें आप्त. त्यांनीं नौका बुडतांना पाहिली नाहीं, परंतु जो गेला त्यास त्यांच्याइतकें कोणीच ओळखत नव्हतें. आणि 'हंगोर'चा कप्तान अहमद तस्नीम हा नात्याचाहि नव्हे, पक्षाचाहि नव्हे. तरी वात्स्यायनाच्या कसोटीनें आपल्या पाणबुडीनें काय केलें याविषयीं तोहि आप्त ठरतो. तिघांची साक्ष तीन निरनिराळ्या गोष्टींविषयीं प्रमाण आहे. एकाच्या साक्षीनें दुसऱ्याची जागा भरूं लागलों, कीं घोटाळा होतो. पत्नीच्या तोंडून पाणतीराची दिशा आणि शत्रूच्या तोंडून कप्तानाचें शील ठरवूं नये, इतका साधा हा नियम आहे; परंतु स्मरणपर लेखांत तोच वारंवार मोडलेला आढळतो.

(३)

आतां कालक्रम पाहूं. उपरिनिर्दिष्ट चार ग्रंथ घटनेनंतर अनुक्रमें १८, २०, २९ व ३५ वर्षांनीं छापले गेले. पस्तीस वर्षांनंतर बोलणारा मनुष्य केवळ त्या रात्रीबद्दल बोलत नसतो. दरम्यान त्यानें गौरवपत्र ऐकलेलें असतें, दर डिसेंबरांत स्मरणाचे समारंभ पाहिलेले असतात, आधीचे ग्रंथ वाचलेले किंवा कोणाकडून ऐकलेले असतात, आणि सोबत वांचलेल्या मित्रांशीं शेंकडों वेळां तीच गोष्ट बोलून झालेली असते. हा सांगणाराचा दोष नव्हे. स्मृतीचा स्वभावच असा आहे. यामुळें दहा जणांचें कथन जुळलें म्हणजे दहा साक्षी झाल्या असें मानतां येत नाहीं. एका मूळ प्रतीवरून केलेल्या दहा नकला म्हणजे दहा पोथ्या नव्हेत, हें पाठचिकित्सेचें पहिलें सूत्र येथेंहि लागू आहे. उलट ज्या ठिकाणीं एकाचें सांगणें इतरांशीं जुळत नाहीं, तेथेंच स्वतंत्र स्मृतीचा अंश शिल्लक असण्याचा संभव अधिक.

जनरल कार्डोझो यांच्या ग्रंथाचा गुण येथें मान्य केला पाहिजे. ते गुरखा पलटणीचे अधिकारी. त्याच युद्धांत पूर्व आघाडीवर त्यांनीं आपला एक पाय गमावला. आरमाराच्या बाहेरचा पण युद्धाच्या आंतला असा लेखक या विषयास लाभला, हें चांगलेंच झालें. वांचलेल्यांच्या मनांतील कटु प्रश्न ते झांकीत नाहींत, आणि नौकेपेक्षां माणसांकडे त्यांचें लक्ष अधिक आहे. तथापि संशोधकाच्या दृष्टीनें हा ग्रंथ म्हणजे संहिता आहे, पोथ्या नव्हेत. ग्रंथ वाचकांसाठीं असतो, आणि वाचकांसाठीं लिहितांना निवड करावीच लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत स्वीकारलेल्या पाठाखालीं टाकलेले पाठहि छापले आहेत. म्हणूनच संपादकांशीं मतभेद असणारासहि ती आवृत्ति उपयोगी पडते. 'खुकरी'च्या आप्तवाक्यांची अशी पाठभेदांसह आवृत्ति निघाली पाहिजे, आणि ती निघण्यासाठीं मुलाखतींचीं मूळ टिपणें व ध्वनिमुद्रिकाच एखाद्या संग्रहांत ठेविल्या गेल्या पाहिजेत.

(४)

कांहीं पाठभेद उदाहरणादाखल देतों.

पहिला वेळेचा. भारतीय कथनांत हल्ल्याची वेळ रात्रीं पावणेनऊच्या सुमाराची येते. पाकिस्तानी कथनांत ७ वाजून ५७ मिनिटांची. वरवर पाहतां हा पाऊण तासाहून अधिक अंतराचा विरोध आहे. परंतु दोन देशांच्या घड्याळांतच अर्ध्या तासाचा फरक आहे. तो वजा जातां अंतर पाव तासाच्या आसपास उरतें. शुहूर सन व शक यांचा मेळ घातल्यावांचून पत्रांचा क्रम लावणारा जसा फसतो, तसा येथें घड्याळें न जुळवितां वाद घालणारा फसेल. उरलेला पाव तास मात्र खरा विचारार्ह आहे. 'हंगोर'नें पहिला पाणतीर 'कृपाण'वर सोडला व तो फुटला नाहीं, असें पाकिस्तानी पक्ष सांगतो. म्हणजे एक घड्याळ हल्ल्याच्या आरंभाचें आणि दुसरें स्फोटाचें, असेंहि असूं शकेल.

दुसरा पाठभेद बुडण्यास लागलेल्या काळाचा. पाकिस्तानी कथनांत नौका दोन मिनिटांत बुडाली. गौरवपत्रांत कप्तान मुल्ला यांनीं नौका सोडण्याची आज्ञा दिली, सुटकेच्या कामावर शांतपणें देखरेख केली व स्वतःचें जीवरक्षक जाकीट एका खलाशास दिलें, असा आशय आहे. दोन मिनिटांत इतकें होईल काय, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. परंतु 'हंगोर'नें अंधारांत ध्वनियंत्रावर भिस्त ठेवून हल्ला केला होता. तिची साक्ष कानाची आहे, डोळ्यांची नव्हे. आणि बुडत्या नौकेवरील मनुष्याची दोन मिनिटें घड्याळानें मोजलेलीं नसतात. शिवाय गौरवपत्र हा प्रशस्तीचा प्रकार आहे. ताम्रपटांतील राजाचीं विशेषणें ठराविक असतात. परंतु दिलेलें गांव, चतुःसीमा व प्रतिग्रहीता हा भाग विशिष्ट असतो व तोच आपण प्रमाण धरतों. तद्वत् येथें 'शांत' व 'पद्धतशीर' हीं विशेषणें प्रशस्तीचीं समजावीं, आणि एका विशिष्ट माणसास दिलेलें एक जाकीट हा दानपत्राचा कार्यभाग समजावा. वांचलेल्यांच्या सांगण्यांत कप्तानांनीं जवळच्या दोन अधिकाऱ्यांस ब्रिजवरून पाण्यांत लोटून वांचविल्याचेंहि येतें. शेवटच्या क्षणीं ते आपल्या खुर्चीवर बसलेले होते असें कोणी सांगतो, कठडा धरून उभे होते असें कोणी सांगतो. या दोहोंतून एक निवडण्याचें कांहींच कारण नाहीं. सांगणारा कोठून पाहत होता, हें मात्र प्रत्येकाच्या नांवासमोर लिहिलें पाहिजे.

तिसरा भेद पाठाचा नव्हे, दोषारोपाचा आहे. आणि येथेंच आप्तांचें दुःख अधिक तीव्र होतें. 'खुकरी' बुडाल्यावर 'कृपाण' पाण्यांतील माणसें उचलण्यास तेथें थांबली नाहीं. वांचलेल्यांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं 'कछाल' या नौकेनें उचललें. रात्रभर पाण्यांत राहिलेल्या माणसास जोडीदार नौकेच्या पाठमोऱ्या आकृतीचें स्मरण कसें राहिलें असेल, हें सांगावयास नको. परंतु आरमारी नियमाचीहि एक बाजू आहे. ता. २२ सप्टेंबर १९१४ रोजीं उत्तर समुद्रांत 'अबूकिर' ही ब्रिटिश क्रूझर एका जर्मन पाणबुडीनें बुडविली. माणसें वांचविण्यास थांबलेल्या 'होग' व 'क्रेसी' या दोघींसहि त्याच पाणबुडीनें बुडविलें आणि १,४०० हून अधिक माणसें मेलीं. तेव्हांपासून पाणबुडी जवळ असतां थांबूं नये हा धडा सर्व आरमारांनीं घेतला. तसेंच 'खुकरी'चा वेग त्या रात्रीं ध्वनिशोधक यंत्राच्या एका प्रयोगासाठीं कमी ठेविला होता, असेंहि सांगतात. या दोन्ही बाबतींत आमचें म्हणणें इतकेंच : खलाशाची साक्ष तो काय पाहत होता व काय सोसत होता याविषयीं प्रमाण आहे, दुसऱ्या नौकेच्या कप्तानानें काय करावयास हवें होतें याविषयीं ती प्रमाण नाहीं. आणि नियमाचा दाखला हा निर्णयाचें कारण सांगतो. पाण्यांतील रात्र तो पुसूं शकत नाहीं. दोन्ही जवळजवळ छापावीं. एकानें दुसऱ्याचें खंडन झालें असें मानूं नये.

(५)

वांचलेल्यांकडून आतां घरच्या आप्तांकडे वळूं. 'खुकरी'बरोबर गेलेल्यांपैकीं बहुतेकांचे देह समुद्रांतच राहिले. ज्याचा देह मिळत नाहीं त्याचें मरण घर लवकर स्वीकारीत नाहीं, हें आपल्या इतिहासास नवें नाहीं. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्याचें पार्वतीबाईंनीं मानिलें नाहीं, आणि भाऊच्या तोतयाचें प्रकरण १७७६ सालीं त्यास देहांत शिक्षा होईपर्यंत पेशवाईस छळीत राहिलें. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ही अडचण ओळखली होती. देह न सांपडल्यास पळसाच्या पानांचा देह करून त्यावर संस्कार करण्याचा पालाशविधि त्यांनीं सांगितला तो याचसाठीं. जिवंत राहिलेल्यांस शेवट करण्याकरितां कांहीं तरी हातीं लागावें लागतें.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे दीव येथील स्मारकाचा अर्थ स्पष्ट होतो. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या टेकाडावर कांचेच्या घरांत 'खुकरी'ची प्रतिकृति ठेविली आहे. तिचें उद्घाटन ता. १५ डिसेंबर १९९९ रोजीं झालें. म्हणजे आप्तांस जाऊन उभें राहण्याची ही जागा मिळण्यास २८ वर्षें लागलीं. तत्पूर्वीं मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली त्याच नांवाची दुसरी नौका ता. २३ ऑगस्ट १९८९ रोजीं आरमारांत दाखल झाली होती. बत्तीस वर्षें चाकरी करून ती ता. २३ डिसेंबर २०२१ रोजीं निवृत्त झाली, आणि जानेवारी २०२२ मध्यें संग्रहालय करण्यासाठीं दीवच्या प्रशासनाकडे सोंपविली गेली. पहिलीचें नांव दुसरीस आणि दुसरीचा देह पहिलीच्या स्मरणास, असा हा व्यवहार झाला. तो योग्यच आहे. परंतु प्रतिकृति पाहून समाधान पावणें हें आप्तांचें काम. संशोधकाचें काम तेथें संपत नाहीं. कांचेच्या घरांतील नौकेवर १९४ माणसें कोठें कोठें उभीं होतीं, हें तेथें कळत नाहीं.

(६)

आप्तांचें सांगणें व सरकारी कागद यांत विरोध आल्यास काय करावें, याची दोन उदाहरणें विचारांत घ्यावीं. पहिलें आमच्या येवल्याचें. तात्या टोपे यांचा जन्म येथला. ता. १८ एप्रिल १८५९ रोजीं त्यांस शिप्री येथें फांशीं दिलें, असें इंग्रजी कागद सांगतात. फांशीं गेलेला मनुष्य तात्या नव्हेच, अशी परंपरागत समजूतहि तितकीच जुनी आहे. आम्ही कागदाच्या बाजूचे आहों. तरीहि ती समजूत टाकाऊ मानूं नये, कारण तात्यांच्या मागें राहिलेल्या माणसांनीं ते वर्ष कसें काढलें याचा तीच पुरावा आहे. तिचा उपयोग मरणाची तारीख ठरविण्यास होणार नाहीं; जगलेल्यांचा इतिहास लिहिण्यास होईल.

दुसरें उदाहरण याच्या उलट. ता. ३० जुलै १९४५ रोजीं 'इंडियानापोलिस' ही अमेरिकन क्रूझर जपानी पाणबुडीनें बुडविली. सुमारें १,२०० पैकीं ३१६ माणसें वांचलीं. कप्तान मॅक्व्हे यांच्यावर लष्करी न्यायालयांत खटला होऊन ते दोषी ठरले व १९६८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. वांचलेल्या खलाशांनीं मात्र आपल्या कप्तानाचा दोष नव्हता हें सांगणें सोडलें नाहीं. अखेर २००० सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें त्यांस निर्दोष मानणारा ठराव केला. येथें सरकारी कागद चुकला होता आणि वृद्ध खलाशांची स्मृति खरी ठरली. तात्पर्य, कागद श्रेष्ठ कीं स्मृति श्रेष्ठ, असा सरसकट नियम करतां येत नाहीं. पैठणीचा पदर पारखणारा तो उलटून पाहतो. तसे दोन्ही बाजूंनीं पाहावें.

याच न्यायानें शत्रुपक्षाच्या आप्तांसहि वगळतां येणार नाहीं. 'खुकरी'पूर्वीं पांच दिवस, ता. ४ डिसेंबरच्या रात्रीं, कराचीच्या समुद्रांत आपल्या 'निर्घात' नौकेनें पाकिस्तानची 'खैबर' बुडविली व तींत २०० हून अधिक खलाशी गेले. त्याच सुमारास विशाखापट्टणजवळ 'गाझी' ही पाणबुडी ९० हून अधिक माणसांसह बुडाली. 'गाझी'वरील एकहि मनुष्य वांचला नाहीं, आणि ती कशी बुडाली याविषयींचा उभयपक्षीं वाद अद्यापि मिटलेला नाहीं. साक्षीदार नसला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण 'खुकरी'च्या ६७ जणांचें मोल सांगण्यास पुरेसें आहे.

(७)

आतां मुख्य उणीव. कप्तान मुल्ला यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे, आणि तें असलेंच पाहिजे. परंतु १७६ खलाशांपैकीं पांच नांवें तरी आपल्यांतील किती जण सांगूं शकतील? राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढून पानिपतच्या काळचीं पत्रें बखरींसमोर ठेविलीं, तेव्हां सरदार-मुत्सद्द्यांचें चित्र पालटलें. शिलेदार-बारगिरांचें घर मात्र अंधारांतच राहिलें, कारण त्यांचे कागद कोणी जपलेच नव्हते. विजयदुर्गाखालीं १७५६ सालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें, तें आज आपणांस पुष्कळसें जाळणारांच्याच कागदांवरून वाचावें लागतें. तेथील खलाशांस कोणी विचारलें नाहीं. 'खुकरी'च्या खलाशांविषयींहि असेंच झालें, तर तो दोष पेशव्यांवर किंवा इंग्रजांवर घालतां येणार नाहीं.

१९७१ सालीं अठरा वर्षांचा असलेला खलाशी आज सत्तरीच्या पुढें गेला आहे. त्या वेळच्या तरुण विधवा त्याहून वृद्ध आहेत. म्हणून संग्राहकांपुढें आम्ही येणेंप्रमाणें सूचना ठेवितों. प्रत्येक कथन स्वतंत्र लिहावें. दोघांचें एकत्र करूं नये. सांगणाराचा हुद्दा, त्या रात्रीं तो नौकेच्या कोणत्या भागांत होता, आणि कथन कोणत्या तारखेस व कोणाच्या समक्ष घेतलें, हें शिरोभागीं नोंदावें. पाहिलेलें, ऐकलेलें व मागाहून वाचलेलें हीं वेगळीं दाखवावीं. पूर्वींच्या ग्रंथांशीं विरोध आल्यास सांगणारास सुधारूं नये. घरच्या आप्तांस नौका कशी बुडाली हें विचारूं नये. तो मनुष्य कसा होता, शेवटचें पत्र केव्हां आलें, तार कोणी वाचून दाखविली, पुढें घर कसें चाललें, हें विचारावें. पत्रें, तारा व छायाचित्रें यांच्या प्रती कराव्या आणि मूळ कागद घरींच राहूं द्यावे. त्या पेटींत आणखी कांहींच नसेल. आणि अधिकाऱ्यांच्या घरांपूर्वीं खलाशांच्या घरीं जावें, कारण तेथें आजवर कोणी गेलेलें असण्याचा संभव कमी.

जनरल कार्डोझो यांनीं या कामास आरंभ केला, याबद्दल संशोधकांनीं त्यांचे ऋणी असावें. त्यांच्या ग्रंथानें प्रश्न मिटला असें मात्र समजूं नये. १९४ घरांपैकीं प्रत्येकाची एक पोथी आहे. त्यांतील ज्या अद्यापि मिळूं शकतात त्या मिळवाव्या, आणि संहितेचें काम मागाहून करणारांवर सोंपवावें, इतकें सुचवून हें परीक्षण पुरें करितों.